काचेआडचा जबाब

थोरलीने दीड वर्ष कवळी बसवून घेतली नाही. डॉक्टरची भीती वाटत होती असं नाही, आणि आता या वयात कुणाला दाखवायचेत दात, अशी पोक्त समजूतही तिने करून घेतली नव्हती. तिला तोंडातलं ते भगदाड हवं होतं. रोज सकाळी भोंग्याआधी ती कापड गिरणीच्या विणाईखात्याच्या दारात उभी राहायची, आणि जॉबर आत शिरला की त्याच्याकडे बघून तोंडभर हसायची. वरचे चार आणि खालचे दोन दात जिथे असायला हवेत, तिथल्या नुसत्या हिरड्या त्याला नीट, सावकाश दाखवायची आणि मग कामाला लागायची. शिवी नाही, शाप नाही, एक अक्षर नाही. बघणाऱ्यांना वाटायचं, बाईच्या डोक्यालाही मार बसलेला दिसतोय. जॉबरला मात्र त्या हसण्याचा अर्थ बरोबर कळायचा, आणि सकाळचा पहिला चहा त्याला कडू लागायचा.

एकाच घरातल्या दोघी जावा त्या खात्यात माग चालवायच्या. घरी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे, आणि गिरणीतही तीच नावं रूढ झाली होती. जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा आणि विणकरांवर हुकूम चालवणारा माणूस. त्याचा हुकूम चालायचा कारण बिघडलेला माग कधी दुरुस्त करायचा, आज की परवा, हे त्याच्या मर्जीवर होतं.

खात्यात एकशे साठ माग एकाच वेळी धडधडायचे. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी अर्धंच ऐकू यायचं. म्हणून विणकर ओठांनी बोलायचे. आवाज काढायचाच नाही. ओठ, जीभ, दात नीट हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचं. नव्या माणसाला हे जमायला वर्ष लागायचं, पण एकदा जमलं की चाळीस पावलांवरून सासूची उणीदुणी काढता यायची. थोरली या बोलण्यात सगळ्यांची गुरू. तिचे दात मोठे, सरळ आणि पांढरे होते, आणि तिचं बोलणं खात्याच्या दुसऱ्या टोकावरूनही स्वच्छ वाचता यायचं. तिने इकडे एखाद्याची नक्कल केली की तिकडे तीन माग पलीकडची बाई पोट धरून हसायची.

खात्यातले पुरुषसुद्धा मिशी ठेवत नसत, कारण मिशीवाला तिथे मुकाच. एकट्या जॉबरला मिशी होती, चांगली झुपकेदार, वरचा ओठ झाकून टाकणारी. त्याला ओठांचं बोलणं येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. बायकांचे चाळे म्हणायचा तो त्याला. काही सांगायचं असलं की तो गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने घरी, दुकानात, कुणाच्या आजारपणाला भेटायला गेला तरी तिथेही ओरडूनच बोलायचा.

आता गार्डची गोष्ट. धोटा म्हणजे मागातलं आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडाचा ठोकळा. दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, आणि मिनिटाला दीडशेच्या वर फेऱ्या. तो मध्येच उधळून बाहेर उडू नये म्हणून मागाच्या पुढे एक लोखंडी सळई बसवलेली असते, तिला गार्ड म्हणतात. गार्ड असला की धोट्यातली संपलेली सुताची कांडी बदलताना हात अडतो, दोन क्षण जास्त लागतात. दिवसभरात हजारो कांड्या बदलल्या जाणार. त्या दोन-दोन क्षणांचं बरंच कापड होतं. वर्षातलं सर्वांत जास्त कापड काढणाऱ्या खात्याला एक फलक मिळायचा, आणि जॉबरला तो आपल्या खोलीत टांगायचा होता. त्याने आधी एका ओळीतले गार्ड उतरवले. थोरलीची ओळ. तिने त्याच्यापुढे दाताच्या कण्या केल्या, बाबा रे, सळई परत लाव. तो म्हणाला, घाबरट बायकांनी घरी बसावं.

तिच्या तिसऱ्या मागाचा धोटा उधळला तेव्हा ती चौथ्या मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होती. धाकटीने दुरून पाहिलं ते एवढंच, की थोरली ओंजळ धरून उभी आहे आणि त्या ओंजळीत तिचेच दात आहेत.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी तो तारांनी आवळून बांधला, डोक्याभोवती पट्ट्या गुंडाळल्या आणि पातळ खाणं नळीने द्यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी अपघाताची चौकशी करणारा अधिकारी कागद घेऊन खाटेजवळ आला. त्याच्यामागोमाग जॉबर. अधिकाऱ्याने विचारलं, गार्ड होता का? थोरलीने सुजलेले ओठ हलवले. नव्हता, याने काढला, असं तिने तीनदा सांगितलं. अधिकाऱ्याला काही कळेना. तेव्हा जॉबर, ज्याने उभ्या जन्मात कुणाचे ओठ वाचले नव्हते, तो तिच्या तोंडावर वाकला.

“आम्ही खात्यातली माणसं, साहेब, आम्हाला कळतं,” तो म्हणाला. “ती म्हणतेय, गार्ड होता. माझंच ध्यान नव्हतं, मीच नको तिथे वाकले. कुणाचा दोष नाही.”

अधिकाऱ्याने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. औषधाची गुंगी होती. बोटांत कुणी पेन धरवलं, कागदावर कुठे टेकवलं, हे तिला नंतर धड आठवलंही नाही. धाकटीने हे ऐकलं तेव्हा ती तडक खात्यात गेली. तिथे ओळीतला प्रत्येक गार्ड जागच्या जागी होता, वर नवा रंग चढवलेला.

दात गेल्याचं दुःख थोरलीला होतंच. पण आपल्या तोंडात दुसऱ्याने स्वतःचं वाक्य कोंबलं, आणि ते सरकारी कागदावर आपलं म्हणून कायमचं राहिलं, हे तिला झोपू देईना. पहिले काही महिने तिने त्या माणसासाठी नाना प्रकार मागितले. त्याचा हात मागात अडकावा, त्याला लकवा व्हावा, त्याची मिशी एका बाजूची झडून जावी. मागून मागून ती कंटाळली, कारण त्यातल्या एकानेही तो कागद खोटा ठरणार नव्हता. मग तिने एकच ठरवलं. जे त्याने आपल्या तोंडात घातलं ते त्याच्याच तोंडून बाहेर काढायचं, आणि तेही त्याच खात्यात, सगळ्यांच्या देखत. दात तोंडात नसले म्हणून काय झालं, तिने त्याच्यावर दात धरला तो धरलाच.

ती कामावर परतली तेव्हा जबडा बोटभर डावीकडे सरकून जुळला होता. दातांचा आधार गेल्यामुळे ओठ आत ओढले जायचे, जीभ कुठे टेकते ते दिसायचं नाही. खात्यातल्या बायका डोळे बारीक करून तिच्याकडे बघायच्या, दोनदा विचारायच्या, आणि मग कळल्यासारखी मान हलवून तोंड फिरवायच्या. सगळ्यांची गुरू त्याच खात्यात मुकी झाली. जॉबरने तिचं नाव बोळकी ठेवलं. माग तर तिच्याकडून काढून घेतलेच, धाकटीचे माग दुसऱ्याला देऊन ते तिला दिले, आणि थोरलीच्या हातात मागांखालचा कापूस झाडायचा कुंचा दिला.

तेव्हापासून तिचं ते सकाळचं हसणं सुरू झालं. जॉबरने सात महिने सहन केलं. मग तो व्यवस्थापकाकडे गेला आणि म्हणाला की बाई आजारी आहे, खाली धुळीत नको, तिला वर कापड तपासायला बसवा. व्यवस्थापक भला माणूस, त्याला जॉबरचं मन मोठं वाटलं.

खात्याच्या दोन बाजूंनी वर एक लांब सज्जा होता. त्याच्या मधोमध जॉबरची खोली, तीन बाजूंनी काच. दार उकाड्यामुळे कायम उघडं. सज्जा जिथे काटकोनात वळायचा, तिथे पुढे तपासणीची खोली, तीही काचेची. तिथे उजेडाच्या मेजावरून कापड सरकवत दोष शोधायचे. एखाद्या मागाच्या कापडात खोट दिसली की तपासणारीने दिवा दोनदा मालवून लावायचा. खालचे सगळे विणकर वर बघायचे, आणि ती काचेला तोंड लावून ओठांनी मागाचा क्रमांक सांगायची. थोरलीचे ओठ कुणाला वाचता येत नव्हते, म्हणून तिला एक पाटी दिली होती. ती पाटीवर आकडा लिहून काचेला लावायची.

जॉबरला वाटलं, ब्याद टळली. पण आपल्या खोलीत तो खुर्चीवर बसला की समोर तिरकस तीच काच, आणि त्या काचेत रोज सकाळी तेच हसणं. त्याने खुर्ची फिरवून बघितली, पण पाठीवरसुद्धा ते हसू टोचायचं. शेवटी त्याने त्या काचेकडे न बघण्याची स्वतःला सवय लावून घेतली. तोंड तिकडे असलं तरी डोळे तिकडे जाऊ द्यायचे नाहीत. माणसाने मनावर घेतलं की जमतं. महिन्याभरात ती काच त्याच्या लेखी भिंत झाली.

आणि थोरलीने त्याची मिशी वाचायला घेतली. वरचा ओठ दिसतच नव्हता. पण खालचा ओठ होता, हनुवटी होती, गालाची हालचाल होती, आणि मिशी कधी कुठल्या बाजूने उचलली जाते ते होतं. पहिला महिना एक अक्षर लागलं नाही. दुसऱ्या महिन्यात शिव्या वाचता येऊ लागल्या, कारण त्या तो रोज देत असे. चौथ्या महिन्यात तिला त्याच्या खोलीतलं सगळं कळायला लागलं. त्याच्या बायकोची गुडघेदुखी, मेहुण्याशी झालेलं भांडण, कुठल्या विणकराला तो कुणाच्या विरुद्ध फूस लावतो, सगळं. एवढं लक्ष देऊन तिने कधी नवऱ्याचंही बोलणं ऐकलं नव्हतं.

मग एक दिवस जॉबरच्या हाताखाली माग दुरुस्त करणारा नवीन फिटर आला. जॉबरने त्याला दुपारच्या चहाला खोलीत बसवलं आणि स्वतः मेजाच्या कडेवर बसला. खात्याकडे पाठ, थोरलीच्या काचेकडे तोंड. आणि त्याने धंद्यातली पहिली शिकवण दिली. गार्ड काढायचा, पण टाकून द्यायचा नाही. रंगाच्या डब्याशेजारी कपाटात ठेवायचा. काही झालंच तर चौकशीवाला तीन दिवसांनी येतो, तोवर बसवून टाकायचा. त्याने मांडीवर थाप मारून बोळकीची सगळी हकिकत सांगितली, इस्पितळासकट. नवीन फिटर कसनुसा हसला. वर मेजावर थोरलीच्या हातांखालून दहा हात कापड न तपासता सरकून गेलं.

संध्याकाळी तिने धाकटीला हे सांगितलं. घरी, हळू, एकेक शब्द तोंडाने बोलून. धाकटीने भाजी चिरता चिरता हात थांबवला. तिच्या चारही मागांचे गार्ड पुन्हा उतरवलेले होते, आता सगळ्याच ओळींचे उतरवलेले होते, आणि ती रोज उजव्या खांद्यात मान घालून काम करायला शिकली होती. पण ती म्हणाली, “तुम्ही काचेतून मिशी वाचलीत, हे कोण मानणार ताई? तुम्हालाच वेड्यात काढतील.”

“मला कशाला मानायला हवं? त्याचंच ऐकू दे सगळ्यांना.”

“एकशे साठ माग चालू असताना?”

 दुसऱ्याच दिवशी सुट्टी काढून थोरली दातांच्या डॉक्टरणीकडे गेली.

डॉक्टरीण तरुण आणि हौशी होती. तिने विचारलं, चावायला त्रास होतो ना? थोरली म्हणाली, चावायचं राहू दे, मला लांबून वाचता येतील असे दात हवेत. डॉक्टरणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. वाकड्या जबड्यावर पहिली कवळी तिरकी बसली, दुसरी बोलताना खाली घसरायची. प्रत्येक वेळी थोरली दवाखान्याच्या काचेच्या दारामागे उभी राहायची आणि रस्त्यापलीकडे दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या धाकटीशी ओठांनी बोलायची. धाकटी मान हलवायची, नाही. डॉक्टरणीने आधी डोक्याला हात लावला, मग तिला गंमत वाटू लागली आणि ती स्वतःच कानशीने घासत, दात अर्धा तांदूळभर पुढे घेत, ओठाला आधार देत बसली. चौथ्या खेपेला थोरलीने काचेमागून काहीतरी सांगितलं आणि पलीकडच्या पायरीवर धाकटी एवढ्या जोरात हसली की दुकानदार बाहेर आला. तिने काय सांगितलं ते डॉक्टरणीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्याच नाकाविषयी होतं.

कवळी आली, पण थोरलीने ती गिरणीत घातली नाही. डबीत घालून न्यायची, डबीतच परत आणायची. सकाळचं हसणं पूर्वीसारखंच हिरड्यांनी. पाटीवर आकडे लिहिणं तसंच. घरी मात्र रोज तासभर ती कपाटाच्या आरशासमोर बोलायची. नवरा विचारायचा, कुणाशी बोलतेस? ती म्हणायची, जॉबरशी. तो बिचारा वर्तमानपत्रात तोंड घालायचा.

वाट बघायची होती ती दुसऱ्या नव्या फिटरची. थोरलीला त्या माणसाची खोड पक्की ठाऊक होती. फुशारकी मारायला त्याला नवीन कान लागायचे, जुन्यांनी सगळं ऐकलेलं असायचं. पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत धाकटीच्या मागाचा धोटा एकदा उधळला आणि तिच्या कानाजवळून जाऊन खांबात रुतला. ती घरी येऊन जेवली नाही. थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण खरं सांगायचं तर त्या वेळीही तिच्या मनात धाकटीच्या कानाआधी स्वतःचे सहा दातच आले, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

पाच महिन्यांनी एक फिटर आला. पन्नाशीचा, चष्मेवाला, दुसऱ्या गिरणीतून आलेला. चहाच्या वेळी जॉबरने त्याला खोलीत नेलं, खुर्ची दिली, आणि स्वतः मेजाच्या कडेवर टेकला. खात्याकडे पाठ.

थोरलीने डबी उघडली. कवळी बसवली, जिभेने दाबून पक्की केली. मेजावरचा वाकडा दिवा उचलून आपल्या तोंडावर उजेड पडेल असा वळवला. मग खोलीचा मोठा दिवा दोनदा मालवून लावला.

खाली चाळीस चेहरे वर झाले. पाटी नव्हती. काचेत एक तोंड होतं, आणि त्यात दात होते.

“मी थोरली,” ती ओठांनी म्हणाली. “जॉबर बोलतोय. शब्द त्याचे, ओठ माझे. वाचा.”

तिने मान खात्याकडेच ठेवली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मिशी धरली. विणकराला हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे ठेवायची सवय असतेच. जॉबर म्हणाला, इथे कापड वाढवायचं तर पहिलं काम गार्ड उतरवायचं. थोरलीच्या ओठांनी ते चाळीस जणांना सांगितलं. तो म्हणाला, कपाटात ठेवायचे, रंगाच्या डब्याजवळ. तिने सांगितलं. तो म्हणाला, धोटा उधळलाच तर विणकराचं नशीब, आपल्याकडे बायकांना काही तोटा नाही. थोरलीचा जबडा ठणकत होता. तिने तेही सांगितलं, एक अक्षर न गाळता, त्याच्यासारखी मान वेळावून.

धाकटीने आपले चारही माग बंद केले.

चालू माग कारणाशिवाय बंद करणं हा तिथे गुन्हा होता. शेजारच्या बाईने धाकटीकडे बघितलं, मग वर बघितलं, मग आपल्याही मागाचा दांडा ओढला. तिच्यापलीकडच्याने ओढला. एक ओळ थांबली, दुसरी थांबली. वर थोरली बोलतच होती. खात्याची धडधड पातळ होत गेली, पण जॉबरच्या कानांत ती पंचवीस वर्षं मुरलेली होती. त्यामुळे तो रंगात येऊन होता त्याच पट्टीत ओरडत राहिला. समोरचा चष्मेवाला फिटर अस्वस्थ होऊन त्याच्या खांद्यावरून खाली बघू लागला, तर जॉबरला वाटलं गडी हकिकतीत गुंगलाय.

शेवटचा माग थांबला आणि थोरलीने आपलं तोंड मिटलं. आता तिची गरज नव्हती.

“अरे, बोळकीने जबाब दिलाच नाही!” जॉबरचा आवाज उघड्या दारातून खात्याच्या पार दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला. “तिच्या नावावर मीच दिला! गार्ड मीच काढला होता, मीच परत बसवला. ती पडल्या पडल्या ओठ हलवतेय, याने काढला, याने काढला, आणि मी साहेबाला सांगतोय, ती म्हणते माझीच चूक!”

मग त्याला ती शांतता ऐकू आली.

भर दिवसा खातं गप्प झालं याचा अर्थ एकतर आग लागली किंवा माणूस गेला. व्यवस्थापक चहाचा पेला तसाच हातात धरून सज्ज्यावर धावत आला होता, आणि ते शेवटचं बोलणं त्याने दोन हातांवरून ऐकलं होतं. त्याने विचारलं, “काय म्हणालात तुम्ही?”

जॉबर बाहेर आला. त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बारीक निघाला. “मी? कुठे काय. मी काहीच म्हटलं नाही.”

तेव्हा खालच्या चाळीस जणांनी आवाज न काढता, फक्त ओठांनी, एकाच वेळी ते वाक्य त्याला परत सांगितलं. गार्ड मीच काढला होता. मग पुन्हा. गार्ड मीच काढला होता. ज्याला ओठ वाचणं हे बायकांचे चाळे वाटायचे, त्याला ते वाचता आलं, पहिल्याच खेपेला. तो कठड्याला धरून उभा राहिला, आणि कुठे बघावं ते न कळून त्याने अकरा महिन्यांनी त्या काचेकडे बघितलं.

थोरलीने कवळी काढून तळहातावर ठेवली. आणि त्याच्याकडे बघून तोंडभर हसली.

चौकशी पुन्हा उघडली. तोच अधिकारी नवा कागद घेऊन आला, आणि त्याने नीट विचारलं, घाई नाही, बाई, हवा तेवढा वेळ घ्या. थोरलीने हवा तेवढा वेळ घेतला. सगळं लिहून झाल्यावर तिने ते त्याच्याकडून मोठ्याने दोनदा वाचून घेतलं, आणि मगच सही केली. सगळ्या ओळींचे गार्ड व्यवस्थापकाने उभं राहून बसवून घेतले. जॉबरच्या हातात, चौकशीचा निकाल लागेपर्यंत, मागांखालचा कापूस झाडायचा कुंचा आला.

माग अचानक थांबला की कापडात तिथे एक आडवी रेघ राहते. तीन दिवसांनी ते कापड तपासणीच्या मेजावर आलं. प्रत्येक मागाच्या ताग्यात ती रेघ होती. नियमाप्रमाणे तिच्यावर लाल खडू ओढून तो तागा परत पाठवायचा असतो. थोरलीने प्रत्येक रेघेवर क्षणभर बोट ठेवलं आणि एकशे साठ तागे बिनदोष म्हणून पुढे सरकवले. सचोटीने काम करणारी बाई होती ती, पण एवढं तिने केलं.

खात्यात आता म्हणतात की थोरलीने सगळ्यांच्या जिवासाठी हे केलं. धाकटीही तसंच म्हणते, आणि कानाच्या पाळीला हात लावते. थोरली कुणाचं खोडून काढत नाही. दिवसभर ती कवळी घालून असते, काचेतून क्रमांक सांगते, नकला करते, तिकडे बायका पोट धरून हसतात. एकदा धाकटीने तिला विचारलं, आता तरी मन निवलं का, आता तरी त्याला सोडाल का?

“नाही,” थोरली म्हणाली. “माझे दात उगवले का परत?”

सकाळी भोंग्याआधी ती खात्याच्या दारात येऊन उभी राहते. कुंचा खांद्यावर टाकून तो येताना दिसला की कवळी काढते, रुमालात गुंडाळते, आणि तो जवळ येईपर्यंत थांबते.